खाजकुयलीचे तीन सदरे

अनघा बोलकी होती, आणि तिच्या बोलण्यावर तिचं पोटही चालत होतं. सिंगापूरच्या अलेक्झांड्रा भागातल्या एका विमा कंपनीत ती तक्रारींचा विभाग सांभाळायची. फोनवर पलीकडचा माणूस कितीही भडकलेला असो, अनघाने त्याला दहा मिनिटं दिली की तो शेवटी तिलाच ‘थँक्यू’ म्हणून फोन ठेवायचा. वुडलँड्सला घरी येताना एमआरटी मेट्रोत शेजारी कुणी अनोळखी बाई बसली, तर उतरेपर्यंत तिच्या सुनेचं बाळंतपण कुठल्या दवाखान्यात झालं इथपर्यंत अनघाला कळलेलं असायचं. नवरा शिरीष कमी बोलणारा, मुलगी जाई चौदा वर्षांची आणि त्या वयाच्या मुलींइतकीच फटकळ. घरातला आवाज म्हणजे अनघाचा आवाज.

अशा बाईला तीन वर्षं गप्प बसवलं गेलं, आणि तेही दुसऱ्यांच्या अपराधासाठी. राग यायला हवा तो इथे.

तिचे वडील, अप्पा, तीस वर्षांपूर्वी बँकेच्या नोकरीसाठी सिंगापूरला आले आणि क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये स्थायिक झाले. दिलीप, प्रबोध, अनघा आणि शेंडेफळ अंकुर, चौघंही तिथेच वाढली. आई गेली, मुलं आपापल्या संसाराला लागली, आणि अडुसष्टाव्या वर्षी अप्पांनी नाशिकच्या राधिकाबाईंशी लग्न केलं. राधिकाबाई शाळेत हस्तव्यवसाय शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. मुलगे लग्नाला आले, फोटोत उभे राहिले, आणि त्यानंतर त्या घरात जेवायचे थांबले. वर्षभरातच अप्पांना अर्धांगवायू झाला. पुढची तीन वर्षं राधिकाबाईंनी त्यांना भरवलं, कूस बदलली, अंथरूण धुतलं. मुलगे महिन्यातून एकदा यायचे, दारात चपला न काढता उभ्या उभ्या चौकशी करायचे आणि जायचे.

अप्पा गेले. तेराव्याच्या दिवशी जेवणं उरकली, आणि अनघा खाली जाऊन भटजींना टॅक्सीत बसवून वर आली, तर बाराव्या मजल्यावरच्या लिफ्टसमोर राधिकाबाईंच्या तीन बॅगा मांडून ठेवलेल्या.

“हे काय आहे, दादा?”

“त्यांचा इथे राहायचा पास अप्पांच्या नावावर होता,” दिलीप म्हणाला. “तो आता राहत नाही. मग उगाच लांबवायचं कशाला?”

“अजून महिना आहे हातात! आज तेरावं आहे त्यांच्या नवऱ्याचं!”

“तू मध्ये पडू नकोस,” प्रबोध म्हणाला.

“मी पडणार. ह्या बाईने अप्पांची शी-शू काढली तीन वर्षं. तुमच्यातल्या एकाने तरी एक दिवस काढली का?”

अंकुर खाली मान घालून उभा होता. पण बॅगा उचलायला त्यानेही हात लावला होता.

राधिकाबाई दारातून बाहेर आल्या. रडत नव्हत्या. त्यांनी तिघांकडे बघितलं आणि अगदी वर्गात बोलावं तशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “माणसासारखं वागणं तुम्हाला जमलं नाही. मग माणसांत राहू नका.”

एवढंच. शेजारच्या घरात टीव्ही चालू होता, लिफ्ट खालून वर येत होती, आणि दिलीपची मान लांब व्हायला लागली. काळ्या पँटा, पांढरे शर्ट जमिनीवर पडले आणि त्यांतून तीन मोठे राजहंस बाहेर आले. त्यांचे पाय फरशीवर घसरत होते. लिफ्टचं दार उघडलं तसे ते बिचकले, कॉरिडॉरच्या कठड्यावर चढले आणि बाराव्या मजल्यावरून खाली झेपावले. झाडांच्या शेंड्यांवरून वळसा घेऊन ते उत्तरेकडे गेले.

राधिकाबाईच मटकन खाली बसल्या. “माझ्या आजीची वाणी अशी होती म्हणायचे. ती माझ्यात उतरली असेल असं मला कधी वाटलं नव्हतं गं.”

अनघाला आधी पाणी आणून द्यावंसं वाटलं, मग हलवून जागं करावंसं वाटलं. तिने दोन्ही केलं. “मावशी, ह्याला उतारा?”

उतारा होता. आजीने शिकवलेला, राधिकाबाईंना अजून शब्दन् शब्द पाठ होता. सख्ख्या बहिणीने खाजकुयलीचे वेल स्वतःच्या हाताने तोडायचे, त्यांचा वाख काढायचा, सूत कातायचं, आणि प्रत्येक भावासाठी एक सदरा विणायचा. पहिला वेल तोडल्यापासून सदरे अंगावर पडेपर्यंत तिने एक शब्द बोलायचा नाही, लिहायचाही नाही. एक जरी शब्द निघाला तरी तिघं जागच्या जागी मरतील.

“शाप त्यांना,” अनघा म्हणाली, “आणि उःशाप मला?”

“हो.”

“बायका आहेत त्यांच्या. दादाची सुलेखावहिनी आहे.”

“बहीणच लागते.”

“आणि बहिणीवर शाप पडला असता तर? भावाने विणला असता सदरा?”

राधिकाबाई बराच वेळ आठवत राहिल्या. “भावाचं नाव त्यात कुठे येत नाही,” त्या शेवटी म्हणाल्या.

पुढचे पंधरा दिवस राधिकाबाई अनघाकडे राहिल्या. टकळीवर सूत कसं कातायचं ते त्यांनी तिला शिकवलं. विमानतळावर जाताना स्वतःची टकळी तिच्या हातात दिली. त्यांना निरोप देऊन आल्यावर अनघाने सगळ्यांना घरी बोलावलं. सुलेखावहिनी, शिरीष, जाई, सगळ्यांना समोर बसवून तिने नीट सांगितलं की उद्यापासून मी बोलणार नाही, का बोलणार नाही, आणि किती दिवस ते मला माहीत नाही. कुणीतरी म्हणेल, ‘अनघा, तू का? थांब, दुसरा रस्ता बघू.’ ती वाट बघत होती. सुलेखावहिनीने डोळे पुसले आणि म्हणाली, “तू आहेस म्हणून बरं.” शिरीष म्हणाला, “ऑफिसचं कसं करशील?” जाई एकटी म्हणाली, “धिस इज सो अनफेअर, लाह.”

“आहेच,” अनघा म्हणाली. मग ती जाईशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलत राहिली. पुढे कधीतरी लागतील म्हणून सगळी उत्तरं आधीच देऊन ठेवावीत, तशी.

रेल्वेचे रूळ उखडून जी लांबलचक हिरवी वाट केली आहे, तिच्या क्रांजीकडच्या टोकाला कुंपणापलीकडे खाजकुयली माजली होती. शनिवारी सकाळी अनघाने हातमोजे घातले, लांब बाह्यांचा शर्ट घातला आणि पहिला वेल तोडला. शेंगांवरची लव मोज्यांच्या शिवणीतून आत शिरली, मानेवरून पाठीत उतरली. खाज म्हणजे कसली, अंगावर कुणीतरी निखारे चोळतंय असं. माणूस अशा वेळी निदान आई गं म्हणतो. तिला तेवढंही म्हणता येत नव्हतं. ती कुंपणाचा खांब धरून उभी राहिली आणि डोळ्यांतलं पाणी गळू दिलं.

बाथरूममध्ये बादल्यांत वेल भिजायला लागले. आठवड्याने साल सुटायची, मग ती बडवायची, विंचरायची, वाळवायची. घराला कुजकट वास यायचा. टकळी फिरता फिरता बोटांची सालं निघाली. पहिल्या तीन महिन्यांत जेमतेम एक वीत कापड क्रोशाच्या सुईवर उतरलं.

ऑफिसने महिनाभर रजा दिली. मग बोलावून घेतलं. तक्रारींचा विभाग सांभाळणारी बाई बोलत नाही, लिहीत नाही, कारण सांगत नाही. त्यांनी सहा आठवड्यांचा पगार दिला आणि निरोपाचा केक कापला. त्याच सुमारास दिलीपच्या बँकेने दीर्घ आजार म्हणून त्याची खुर्ची राखून ठेवली. सुलेखावहिनीने तसं प्रमाणपत्र मिळवलं होतं. ही बातमी तिने अनघाला मोठ्या आनंदाने सांगितली, आणि अनघाने हातातली टकळी इतक्या जोरात आपटली की ती सोफ्याखाली गेली.

भाऊ कुठे होते ते सगळ्या बेटाला माहीत होतं. क्रांजीच्या तलावावर तीन पांढरे राजहंस आले म्हणून पेपरात फोटो आला. लोक दुर्बिणी घेऊन, मुलांना घेऊन येऊ लागले. संध्याकाळी ते वुडलँड्सच्या किनाऱ्यावर यायचे, समोर मलेशियातल्या जोहोरचे दिवे लागायला लागले की पाण्यावर माना उंच करून तरंगायचे, आणि धावायला आलेले लोक थांबून “सो ब्यूटिफुल” म्हणायचे. अनघा सुजलेले हात ओढणीत गुंडाळून बाकावर बसायची. दिलीप हंस झाला तरी दिलीपच होता, बाकीच्या दोघांना चोचीने ढोसून पुढे राहायचा. अंकुर मात्र पाण्याबाहेर यायचा, तिच्या मांडीवर मान टेकायचा आणि चोचीने तिच्या बोटांत रुतलेली लव एकेक करून काढायचा. तासन्‌तास काढायचा.

दीड वर्ष झालं तेव्हा एक सदरा पुरा झाला होता आणि दुसरा अर्धा. मराठी मंडळाच्या गणपतीत शिरीष कुणालातरी म्हणाला, “त्रास कसला? खरं सांगू, घर कसं शांत झालंय.” लोक हसले. अनघा प्रसादाचं ताट हातात घेऊन मागेच उभी होती. एक वयस्कर बाई तिच्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, “धन्य आहेस हो. असे भाऊ मिळायला आणि अशी बहीण मिळायलाही भाग्य लागतं.” असे भाऊ म्हणजे कसे भाऊ, हे अनघाने त्या बाईंना अगदी तपशिलात सांगितलं असतं. दात आवळले, ताट खाली ठेवलं आणि ती एकटी घरी निघून आली.

त्यानंतर महिन्याभराने कुंपणापाशी तिला हटकलं. गणवेशातला अधिकारी, चाळिशीचा, छातीवर नाव हाफिझ. सरकारी जागेतलं झाडपान तोडायला मनाई आहे, तुम्ही इथे नेहमी येता असं कळलंय, कशासाठी? अनघा बघत राहिली. त्याने मलायमध्ये विचारलं, मग मोडक्या तमिळमध्ये. शेवटी तिने फोन काढून जाईला लावला आणि त्याच्या हातात दिला. जाई शाळेतून दोन बस बदलून धावत आली.

“अंकल, माय मदर कॅनॉट टॉक. शी मेकिंग शर्ट्स.”

“फ्रॉम दिस?” हाफिझने तिच्या मनगटांवरचे फोड बघितले.

जाईने त्याला खरं तेच सांगितलं. त्याने विश्वास ठेवला की नाही ते कळायला मार्ग नव्हता. त्याने वहीत काहीतरी लिहिलं, पण दंडाचं पान फाडून दिलं नाही. मग म्हणाला की पुढच्या मंगळवारी इथले सगळे वेल मशीनने साफ होणार आहेत, त्यानंतर इथे काही उरणार नाही. त्याआधी तोडायचं असेल तर नोंदवून तोडा, परवानगीचा कागद मी करून घेतो, तुमची आई सही करेल का? सही म्हणजे शब्द झाला. अनघाने नकारार्थी मान हलवली. “थम्बप्रिंट कॅन,” हाफिझ म्हणाला. सोमवारी संध्याकाळपर्यंत ती एकटी तोडत होती, कारण दुसऱ्याने तोडलेला वेल चालत नव्हता. हाफिझ ड्यूटी संपल्यावर कुंपणाच्या अलीकडे बसून तिच्यासाठी गोण्यांची तोंडं शिवत होता. तिच्या सगळ्या नातेवाइकांत एवढं कुणी केलं नव्हतं.

आणि मग तिसऱ्या वर्षी, भर दुपारी, घरापासून दोनशे पावलांवर ते घडलं.

जाई पुढे चालत होती, हातात आइस्क्रीमचा कोन, अनघा दहा पावलं मागे. दोन ब्लॉकांमधल्या बोळातून जेवणाचे डबे पोचवणारा सायकलवाला सुसाट आला. अनघाने त्याला पाहिलं, जाईने नाही. ‘जाई’ एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. अनघाचं तोंड उघडलं, जीभ टाळ्याला लागली, आणि तिने तोंड मिटलं. हातातली पिशवी भिरकावली, धावली. पिशवी भिंतीवर आपटली आणि सायकल जाईवर.

कोपर दोन ठिकाणी मोडलं. शस्त्रक्रिया झाली, आत पट्टी बसवली. शुद्धीवर आल्यावर जाईने आईकडे पाहिलं.

“यू सॉ,” ती म्हणाली. “तू बघितलंस त्याला. एक वर्ड, आई. ओन्ली वन वर्ड.”

अनघा बाहेर कॉरिडॉरमध्ये गेली आणि भिंतीला कपाळ लावून उभी राहिली. निवडायला तिला कुणी वेळ दिला नव्हता, तरी तिने निवडलं होतं, आणि ते निवडणं आता जाईच्या हातात लोखंड होऊन बसलं होतं. तिला भावांचा राग आला, राधिकाबाईंचा आला, त्या कुठल्याशा आजीचा आला जिने असला उतारा रचला. सगळ्यांत जास्त राग आला तो स्वतःच्या त्या मिटलेल्या तोंडाचा.

अकरा दिवस तिने सुईला हात लावला नाही. शिरीषने दोनदा विचारलं, “किती राहिलंय?” दुसऱ्यांदा तिने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो उठून बाल्कनीत गेला. आत आला तेव्हा त्याने बाथरूममधल्या बादल्या घासायला घेतल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा.

बाराव्या दिवशी जाईनेच प्लास्टरमधला हात सांभाळत टोपली आणून तिच्या पुढ्यात ठेवली. “फिनिश करून टाक. मामांसाठी नाही. मला तुझ्याशी भांडायचंय, आणि तू गप्प असलीस तर भांडताच येत नाही.”

अनघाने सूत हातात घेतलं. तीन आठवड्यांत तिसरा सदरा उभा राहिला, आणि डावी बाही लावायची वेळ आली तेव्हा सूत संपलं. कुंपणापलीकडे आता लॉन होतं. दुसरीकडे कुठे वेल असतील ते शोधायचे, तोडायचे, भिजवायचे, म्हणजे आणखी चार-पाच महिने. अनघाने बिनबाहीचा सदरा मांडीवर पसरला, जाईच्या खोलीकडे बघितलं, आणि ठरवलं की आता पुरे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती किनाऱ्यावर गेली. बरोबर शिरीष, त्याच्या हातात तीन टॉवेल आणि तीन लुंग्या. जाई. सुलेखावहिनी ओवाळायचं ताट घेऊन. पक्षी पाण्याबाहेर आले. अनघाने पहिला पुरा सदरा अंकुरच्या अंगावर टाकला, दुसरा प्रबोधच्या, आणि बिनबाहीचा दिलीपच्या.

तिघे माणसं होऊन वाळूत उभे राहिले. फोटो काढणाऱ्या एका बाईने किंकाळी फोडली. शिरीषने धावत जाऊन लुंग्या गुंडाळल्या. अंकुर स्वतःच्या बोटांकडे बघत हुंदके देत होता. प्रबोधला नीट उभं राहता येत नव्हतं. दिलीपने उजवा हात झाडला, मग डावीकडे पाहिलं. तिथे खांद्यापासून खाली पांढराशुभ्र पंख होता.

अनघा त्यांच्याकडे पाठ करून जाईकडे वळली. “जाई,” ती म्हणाली. आवाज गंजलेल्या दारासारखा आला. “जाई, मी ओरडायला हवं होतं. चुकले मी.” जाईने प्लास्टर मध्ये घालून तिला मिठी मारली आणि रडता रडता बोलायला लागली. ती काय बोलली ते त्या दोघींनाच माहीत.

“अगं अनघा,” मागून दिलीप ओरडला, “एक बाही राहिली तुझी!”

“सूत संपलं.”

“मग थांबायचं होतंस! तीन वर्षं थांबलीस, आणखी चार महिने नसतीस थांबली?”

“नव्हते थांबणार.”

“आणि तोच नेमका मला घातलास? हा अंकुरच्या मापाचा आहे!”

“हो. उरलंसुरलं धाकट्याने घ्यायचं, असंच आपल्या घरात चालत आलं. मी मुद्दाम तुला दिला.”

दिलीपचा चेहरा लाल झाला. “आम्ही काय भोगलंय तुला कल्पना आहे? पावसात, चिखलात...”

“दादा, मी काय भोगलं ते तू विचारलंस का? समोर उभी आहे मी. हात बघ माझे. जाईचा हात बघ.” आवाज फाटत होता, तरी ती थांबली नाही. सुलेखावहिनीच्या ताटातलं निरांजन वाऱ्याने विझलं. ते पुन्हा लावायचं कुणाला सुचलं नाही.

पुढच्या महिन्यात मंडळाने कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये तिघा भावांचा सत्कार केला. होय, भावांचा. पंखावरून शाल पांघरून दिलीपने वादळांचं, उंचावरून दिसणाऱ्या समुद्राचं वर्णन केलं, लोकांचे डोळे पाणावले. बहिणीच्या त्यागाचा उल्लेख शेवटी आला, आणि सूत्रसंचालक म्हणाला, “अनघाताई, दोन शब्द.”

अनघा पन्नास मिनिटं बोलली. लिफ्टसमोरच्या बॅगांपासून सुरुवात केली. अप्पांचं अंथरूण कोण धूत होतं, कोण चपला न काढता उभं राहत होतं, ते नावानिशी सांगितलं. “ह्याला त्याग म्हणू नका,” ती म्हणाली. “त्याग माणूस स्वतः ठरवून करतो. मला तीन माणसांचे जीव दाखवले आणि तोंड मिटायला सांगितलं. आणि तुम्ही सगळ्यांनी, इथे बसलेल्या एकूण एकाने, ते अगदी साहजिक आहे असं मानलंत.” मागून कुणीतरी चहा निवतोय अशी खूण केली. तिने चहा निवू दिला. पहिल्या रांगा अवघडून बसल्या होत्या, पण मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या बायका पुढे सरकत सरकत व्यासपीठापर्यंत आल्या. सुलेखावहिनी त्यानंतर तिच्याशी बोललेली नाही. दिलीप बँकेत रुजू झाला आहे. त्याने त्या भाषणाबद्दल माफीची अपेक्षा असल्याचं प्रबोधकरवी कळवलं. ती अजून अपेक्षाच आहे.

अंकुर मात्र स्वतःहून अनघाकडे आला आणि दोघं नाशिकला गेली. राधिकाबाईंच्या पायाशी बसून त्याने माफी मागितली. त्यांनी त्याला जेवायला वाढलं. नंतर ओट्यापाशी अनघा त्यांना म्हणाली, “मावशी, तुमच्यावरही राग आहे माझा. ते शब्द पाठ होते म्हणून तुम्ही मला सांगून टाकलेत.”

“असणारच,” राधिकाबाई म्हणाल्या. “माझ्या भाचीने परवा विचारलं, आजीचं तुला काय काय येतं? मी म्हटलं, काही येत नाही.”

अनघाला यिशुनच्या एका कंपनीत नोकरी मिळाली, तक्रारींचीच. जाईचं कोपर पूर्ण सरळ होत नाही. दर गुरुवारी दोघी फिजिओथेरपीला जातात. मागच्या गुरुवारी नंबर चुकवून कुणालातरी आधी आत घेतलं, तेव्हा अनघा काउंटरवर गेली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागली.

“आई, पीपल आर लुकिंग,” जाई म्हणाली.

“बघू देत की,” अनघा म्हणाली, आणि पुन्हा काउंटरकडे वळली.